टॅपेट नव्हे, बेअरिंगही नव्हे

दादा, तो आवाज टॅपेटचा नव्हता. बेअरिंगचाही नव्हता. म्हणजे तूही हरलास आणि मीही हरले. होळीपासून आपण ज्याच्यावर भांडलो त्यात दोघांच्याही पदरात भोपळा पडला. हे तुला कळवायला पाहिजे म्हणून लिहायला बसले आहे. एरवी लिहिण्याबिहिण्याचा मला किती कंटाळा, ते तू जाणतोस.

तू कधी जन्मलास, किती शिकलास, कसा गेलास, हे सगळं दहाव्याला लोकांनी बोलून झालं. त्यातलं निम्मं चूक होतं. कोणीतरी उठून म्हणालं की दादांनी आयुष्यात कुणाला उलटं उत्तर दिलं नाही. मी बायकांमध्ये मागे बसले होते. मला हसू आलं म्हणून पदर तोंडाला लावला, तर शेजारणीने पाठीवरून हात फिरवला. रडू नंतर आलं, घरी, कणीक मळताना. ते राहू दे.

आवाजाचं सांगते.

होळी झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी तू टाकव्याहून तुझी मालाची गाडी घेऊन कुसगावला आलास आणि नेहमीसारखी माझ्या गिरणीसमोर लावलीस. मी तेव्हा पट्टा उतरवून बसले होते, म्हणून आजूबाजूला शांत होतं. तू इंजिन बंद करायच्या आत मला ते ऐकू आलं. टिक, टिक, टिक. बारीक आणि दबकं. मी विचारलं, हे काय नवीन? तू खाली उतरता उतरता म्हणालास, टॅपेट आहे, सेटिंग करायला झालंय. मी म्हटलं, टॅपेट असं दबकं बोलत नाही, हे खालून येतंय, बेअरिंग बघून घे.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या वरच्या अंगाचं दुखणं. झाकण काढायचं, फट नीट करायची, अर्ध्या दिवसाचं काम. बेअरिंग म्हणजे पोटातलं. त्याला सगळं इंजिन खोलावं लागतं, आणि तुझ्यासारख्या जुन्या सहा सिलेंडरच्या गाडीचं इंजिन कोणी खोलत बसत नाही, सरळ भंगारवाल्याला बोलावतात. त्यामुळे तू ‘वर’ म्हणायचास ते तुझ्या सोयीचं होतं, आणि मी ‘खाली’ म्हणायचे ते तुला लागायचं. मला ते कळत होतं. तरी मी म्हणायची थांबले नाही.

तू हसून म्हणालास, ‘गिरणीवाली मला इंजिन शिकवती.’ का नाही शिकवणार? अठरा वर्षं गिरणी चालवते आहे. दगड झिजून त्याला टाकी मारायची वेळ झाली की पिठाला बोट लावायच्या आधी मला कानाने कळतं. आणि कान दिला कोणी? तूच. आंद्रा नदीवर लोकांची पाणी उपसायची डिझेल इंजिनं होती, आठवतात? घरामागच्या बांधावर बसून आपण ओळखायचो, हे कुणाचं इंजिन बोलतंय. जो चुकेल त्याने दुसऱ्याचा गवताचा भारा उचलायचा. पहिली दोन वर्षं मीच तुझे भारे वाहिले. तिसऱ्या वर्षी तू एकदा ठासून सांगितलंस की हे पाटलांचं इंजिन, आणि मी म्हटलं की इंजिन पाटलांचंच पण आज त्यांचा गडी नाही, दुसऱ्याच कोणीतरी चालू केलंय, पाणी सोडायचं विसरलाय, इंजिन कोरडं पळतंय. तू धावत जाऊन बघून आलास. परत आलास. गपगुमान माझा भारा डोक्यावर घेतलास आणि घरापर्यंत मागे वळूनही पाहिलं नाहीस. ‘तुझं बरोबर’ हे दोन शब्दांचं काम तुझ्या तोंडाला कधी जमलं नाही. भारा उचलणं जमायचं.

अर्थात हे मी कुणाला सांगते आहे. ‘माझं चुकलं’ हे माझ्या तरी तोंडाला कुठे जमायचं.

माझे हे गेल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, तू एक सोमवार चुकवला नाहीस. शनिवार-रविवारचे पर्यटक उतरून गेले, रस्ता मोकळा झाला, की कुणाच्या तरी बंगल्यावर विटा नाहीतर वाळू टाकायची आणि परतताना गिरणीसमोर थांबायचं. वहिनीने दिलेला दळणाचा डबा तुझ्या हातात असायचा. टाकव्यात दोन गिरण्या आहेत. मी एकदा टोकलंही, की एवढं डिझेल जाळून इथं दळण कशाला आणतोस? तर म्हणालास, तुझं पीठ बारीक निघतं. साफ खोटं. माझा दगड जाडंच दळतो, मलाच माहीत आहे.

मग आपलं सुरू व्हायचं. तू टॅपेट, मी बेअरिंग. चैत्र गेला, वैशाख गेला. तू मध्ये टॅपेट सेट करूनही आणलंस, आणि तरी आवाज होताच. मी म्हटलं, बघ. तू म्हणालास, एकदा करून बसत नाही, जुनं इंजिन आहे. मी म्हटलं, तेल काढ आणि फिल्टर फाडून बघ, आत लोखंडाचा चुरा असेल. तू म्हणालास, तूच ये आणि फाड. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका डबे खाली ठेवून ऐकत बसायच्या. त्यांना करमणूक होती. मलाही होती, खोटं कशाला बोलू. सोमवारी सकाळी उठल्यावर आज त्याला काय सुनवायचं याचा मी विचार करून ठेवायचे. दुसरा कसला विचार करण्यापेक्षा ते बरं होतं.

आणि मग जेठातला तो सोमवार आला. गिरणीवर दहाबारा माणसं होती. तू काहीतरी म्हणालास, आता आठवतही नाही काय, आणि माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, ‘दादा, तुझ्या गाडीचं इंजिन गेलंय. भंगारात घाल, नाहीतर घाटात कुणाचा तरी जीव घेशील.’ नळावर हात धुतलेस, डबा घेतलास आणि गेलास. मला वाटलं, चला, आज जिंकले.

त्या माणसांत वीटभट्टीवाल्याची बायको होती. तिने घरी जाऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून भट्टीवाल्याने विटांसाठी तुला बोलावणं बंद केलं आणि दुसऱ्याची गाडी लावली. हे तू मला सांगितलं नाहीस. मला ते तू गेल्यावर कळलं, वहिनीकडून, आणि तिनेही तक्रार म्हणून नाही सांगितलं. कुसगावात बोललेलं टाकव्यापर्यंत जायला आगगाडी लागत नाही. सगळ्या मावळात झालं की दादांच्या गाडीचं इंजिन गेलंय, त्यांच्या बहिणीनेच सांगितलंय, आणि तिला आवाजातलं कळतं.

गणपती बसायच्या आठ दिवस आधी तू गेलास. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

महिन्याने वहिनीचा फोन आला. आपला चुलत भाऊ विलास, जो कंपनीत फिटर आहे, त्याने तळेगावचा भंगारवाला ठरवला होता. दसऱ्याच्या दुपारी तो येऊन गाडी ओढून नेणार होता. वहिनीला गाडी द्यायची नव्हती. एक ड्रायव्हर ठेवून गाडी चालू ठेवायची, आपल्या पायावर उभं राहायचं, असं तिच्या मनात होतं. पण गेलेलं इंजिन घेऊन करणार काय? ती म्हणाली, ‘वन्सं, ठिवायची का द्यायची, तुमीच सांगा. हे म्हनायचे, आवाजातलं तिला माज्यापरीस जास्त कळतं.’

तू असं म्हणायचास? कधी? मला तर ‘गिरणीवाली’ म्हणायचास.

तुला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपण हरावं. देवा, टॅपेट निघू दे, असं मी चक्क म्हणाले. कारण माझं खरं ठरलं तर गाडी जाणार होती, आणि माझं खोटं ठरलं तरी लोकांच्या मनातून ते काढायचं कसं, हा प्रश्न होताच. आग मीच लावली होती. बादलीही मलाच शोधायची होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गिरणीला कुलूप घालून मी टाकव्याला आले. सकाळी उठून बघते तर अंगणात वहिनीने तुझी हत्यारं मांडलेली. पाने, हातोडे, जॅक, तुझा तो लांब स्क्रू ड्रायव्हर, सगळं डिझेलने पुसून फळीवर ओळीने ठेवलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची फुलं. मी म्हटलं, अगं, यंदा आपल्याला सण नाही ना? ती म्हणाली, ‘सण आपल्याला न्हाई वन्सं. हत्यारांना कसलं सुतक? वर्षभर राबल्यात ती.’

तेवढ्यात विलास आला. मी त्याला म्हटलं, गाडी चालू कर, थंड आहे तोवर ऐकू. तो आधीच वैतागला होता. म्हणाला, ‘ताई, आता काय ऐकायचं राहिलंय? तुमीच म्हनला व्हता, इंजिन गेलंय. मी काय माज्या मनचं सांगतोय व्हय?’ बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं, चालू कर.

त्याने चावी फिरवली आणि मी दचकले. दादा, मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. कडक, सुटा, वरवरचा, शिवणयंत्र चालावं तसा. सगळ्या आळीत घुमत होता. हे टॅपेट नाही असं कोण म्हणेल? मीही टॅपेटच म्हटलं असतं.

मी स्क्रू ड्रायव्हरकडे गेले. टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, म्हणजे आवाज नेमका कुठून येतो ते कळतं, हे तूच शिकवलेलं. वहिनी फळीच्या आडवी येऊन उभी राहिली. आज लोखंड उचलायचं नाही, उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की मग. मी म्हटलं, उद्या दुपारी तर तो माणूस येतोय, एक स्क्रू ड्रायव्हर उचलला तर देव काय म्हणणार आहे? ती बाजूला झाली नाही. तुझी बायको चाळीस वर्षांत एकदाही मला नाही म्हणाली नव्हती. मग मी विचारलं, निदान एखादी काठी तरी? ती आत गेली आणि लाटणं घेऊन आली. म्हणाली, ‘ह्ये घ्या. ह्याची कोन पूजा करतंय?’

तर पदर खोचून, बॉनेट उघडून, मी लाटणं कानाला लावून तुझ्या इंजिनाला टेकले. लाकूड चांगलं बोलतं, हे मला नव्याने कळलं. आधी वर टॅपेटच्या झाकणावर लावलं. तिथे नुसती एकसारखी कुजबुज, तक्रार काही नाही. तू सेटिंग चोख केलं होतंस, तेवढं कबूल. मग जीव मुठीत धरून खाली ब्लॉकला लावलं. तिथे शांत होतं. सहाही ठिकाणी लावून बघितलं. शांत. वर नाही आणि खालीही नाही, मग आवाज येतोय कुठून? विलास सीटवर बसून तोंड फिरवून होता.

आणि इकडे वहिनीचं पूजेचं चालूच होतं. गाडीला हळदकुंकू लावून तिने अर्ध्या केळ्यात उदबत्त्या खोचल्या आणि केळं इंजिनाच्या कडेला, मडगार्डवर ठेवलं. पंख्याचा वारा होता, धूर सरळ मागे पळत होता. ती बघत राहिली. मग म्हणाली, ‘वन्सं, ह्यो धूर हितंच उचक्या का देतोय?’

मी वाकून बघितलं. सगळा धूर मागे जात होता, पण एका जागी तो बाजूला उडत होता. टिक, की उडाला. टिक, की उडाला. मी वहिनीला सूप आणायला सांगितलं आणि विलासला खाली उतरवून पंख्याच्या वाऱ्याला आडवं धरायला लावलं. एक उदबत्ती हातात घेऊन मी मॅनिफोल्डच्या कडेने हळूहळू फिरवत गेले. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा ओतीव नळ. चौथ्या आणि पाचव्या सिलेंडरच्या मध्ये, सांध्याला, काजळीची काळी रेघ होती, आणि तिथे उदबत्तीचा धूर फूफू करून उडत होता. पॅकिंग जळालं होतं, बस. इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्यामधलं पॅकिंग. प्रत्येक स्फोटाला तिथून थोडा धूर थुंकला जायचा आणि टिक वाजायचं.

आम्हाला तिघांना असं बघून पलीकडची मावशी कुंपणाशी थांबली. लाटणं, सूप, उदबत्ती. तिने विचारलं, गाडीला बाधा झालीये व्हय? विलासला हसू आलं. तू गेल्यापासून त्या अंगणात पहिल्यांदाच कोणीतरी हसलं असेल.

मी इंजिन बंद करू दिलं नाही. पंधरा मिनिटं तसंच चालू ठेवलं. लोखंड तापलं, फुगलं, फट मिटत आली आणि आवाज उतरत गेला. शेवटी तो अगदी बारीक, दबका झाला, माझ्या सोमवारचा. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू तो आवाज रोज पहाटे टाकव्यात ऐकायचास, गार इंजिनाचा. मी ऐकायचे तू कामशेतची खिंड चढून, भार टाकून, तापलेली गाडी घेऊन कुसगावात पोचल्यावर. सहा महिने आपण एकाच आवाजावर भांडलो आणि तो एकत्र एकदाही ऐकला नाही. मी एका सकाळी इथं आले असते, किंवा तू एक रात्र माझ्याकडे राहून सकाळी गाडी चालू केली असतीस, तर पाच मिनिटांत मिटलं असतं. माहेरी यायला मला कोणी अडवलं नव्हतं. गिरणी बंद ठेवायची नव्हती, एवढंच.

विलास मऊ झाला होता. म्हणाला, पॅकिंग तर साधी गोष्ट आहे, उद्या सकाळी बसवू, पण सणाचं दुकान उघडं मिळायचं नाही. वहिनी म्हणाली, ‘त्ये तर हाय की. सीटच्या मागं. आखाडात आनून ठिवलंय त्यांनी.’

खरंच होतं. आखाडातल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कोरं करकरीत पॅकिंग, आणि नटांवर डिझेल सोडून ठेवलेलं, गंज सुटावा म्हणून. म्हणजे तुला कळलं होतं. आखाडातच कळलं होतं. त्यानंतर श्रावणातले सगळे सोमवार तू माझ्यासमोर उभा राहून टॅपेट टॅपेट म्हणत होतास, आणि मी बेअरिंग बेअरिंग म्हणून तुझ्यावर तोंड टाकत होते.

मी वहिनीला विचारलं, मग बसवलं का नाही? आणि वहिनी, तू मला आधी का नाही सांगितलंस? तिने आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तिला वाटलं होतं, पॅकिंग हे वरवरचं, आणि खाली मी म्हणते तसं इंजिन गेलेलंच असणार. पॅकिंगचं तू नुसतं तिची समजूत काढायला सांगतोयस. तुझ्या बायकोने तुझ्यापेक्षा माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवला होता. मग ती हातातलं ताट खाली ठेवून म्हणाली,

‘मी म्हनलं त्यांना, बसवा की. तर म्हनले, दिवाळीच्या आधी बसवतो. आवाज गेला तर सोमवारी ती काय बोलंल? तिला भांडायला दुसरं कोन हाय?’

दादा, मला राग आला. लोकांना वाटेल गहिवरून आलं असेल. तेही आलं, पण आधी राग आला, आणि तो अजून आहे. माझी कीव करायला तुला कोणी सांगितलं होतं? चारचौघांत मी तुला खोटं पाडलं होतं, तर आखाडातल्या एखाद्या सोमवारी पॅकिंग माझ्या तोंडावर फेकून ‘बघ, बेअरिंगवाली’ म्हणाला असतास तर काय झालं असतं? भट्टीवाल्याचं काम परत मिळालं असतं. वहिनीच्या दारात भंगारवाला आला नसता. मी चार दिवस फुगून बसले असते आणि पाचव्या दिवशी दुसरं काहीतरी शोधलं असतं. तुझ्या गाडीत काय कमी आवाज होते? पण तू आपलं मनातल्या मनात भारा उचललास आणि चालू लागलास. तुझ्या चांगुलपणाला हिशेब नव्हता, आणि अक्कलही नव्हती. हे मी प्रेमानेच म्हणते आहे, पण म्हणते आहेच.

आणि मला हेही कळतं की दिवाळी तुला दिसणार नाही, हे तुला माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी वहिनीने उत्तरपूजा केली आणि पहिला पाना स्वतः उचलून विलासच्या हातात दिला. नट अलगद सुटले, एकही तुटला नाही. तुझ्या डिझेलने काम केलं होतं. जुनं पॅकिंग निघालं, चौथ्या-पाचव्याच्या मध्ये बोटभर जळालेलं. अकराच्या सुमाराला गाडी चालू केली. विलास कान देऊन ऐकत राहिला, मग म्हणाला, ‘ताई, ह्ये इंजिन अजून धा वर्षं जातंय.’ दुपारी भंगारवाला आला. त्याला वहिनीने गाडी चालू करून दाखवली, चहा दिला, हातावर आपट्याची पानं ठेवली. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, एवढी चांगली गाडी मोडायला मला कशाला बोलावलंत? कुणी त्याला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मला अजून तेवढं जमत नव्हतं.

विलासच्या ओळखीचा एक ड्रायव्हर ठरला आहे. वहिनी म्हणते, भट्टीवर ती स्वतः जाऊन बोलेल. मी म्हटलं, तू नको जाऊस. ते माझं काम आहे.

सोमवारी गिरणी उघडली. तीन दिवसांची दळणं तुंबली होती. सातआठ बायका आणि दोन पुरुष रांगेत. भट्टीवाल्याची बायकोही होती, बाजरीचा डबा घेऊन. गिरणी सुरू केली की कुणाला काही ऐकू येत नाही, म्हणून मी पट्टा चढवायच्या आधीच बोलले. म्हटलं, ‘माझ्या भावाच्या गाडीचं इंजिन चांगलं आहे. जेठात मी इथंच उभी राहून गेलंय म्हणाले होते. माझं चुकलं. नुसतं पॅकिंग जळालं होतं, आणि ते त्याला माहीत होतं.’

भट्टीवाल्याची बायकोच म्हणाली, ‘आवो ताई, दादांना म्हाईत व्हतं तर ते तवाच बोलले का न्हाईत?’

मी म्हटलं, ‘मला भांडायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून.’

आणि तिच्या हातातला डबा घेऊन तिची बाजरी टाकली.